शिरढोणचे वासुदेव बळवंत : कागदांनी राखलेले चरित्र

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहिण्याची आज्ञा समितीने केली. मी तालुका कचेरीतील साधा कारकून, लेखक नव्हे. पण पणजोबांच्या नावाचा फेरफार, मोडीतील जन्म-मृत्यूची नोंद शोधत येणारी माणसे मी नेहमी पाहतो. कागद सापडला की जमिनीचा हक्क शाबीत होतो आणि माणसाला आपले मूळही कळते. म्हणून कागदांनीच आपल्यापर्यंत पोचविलेल्या एका थोर पुरुषाचे येथे स्मरण करतो.

पनवेलहून पेणकडे जाताना दिसणारा कर्नाळ्याचा सुळका आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अनंतराव फडके हे या किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला आणि किल्लेदारी संपली. त्यांचे नातू वासुदेव बळवंत यांचा जन्म जवळच्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला.

पुढे ते पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकून झाले. आई आजारी असता वेळेवर रजा मिळाली नाही व मातेचे अंत्यदर्शन अंतरले. ही जखम कायमची राहिली. १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नावाचून तडफडणारी रयत त्यांनी पाहिली आणि १८७९ साली रामोशी सहकाऱ्यांना घेऊन इंग्रज सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले. त्या धामधुमीतच श्रीशैल मल्लिकार्जुन या तीर्थक्षेत्री त्यांनी आपली जीवनकथा लिहून काढली. २० जुलै १८७९ रोजी देवर नावडगी येथे ते पकडले गेले.

जीवनकथा व रोजनिशी सरकारच्या हाती पडली आणि पुण्याच्या खटल्यात तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाली. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी जन्मठेप होऊन त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली. कोठडीचे दार उखडून ते निसटले, पण पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी मायभूमीपासून दूर तेथेच त्यांचे देहावसान झाले.

ज्या कागदांनी त्यांना शिक्षा झाली, तेच कागद सरकारी दप्तरात सुरक्षित राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांच्या ग्रंथात त्यांचा इंग्रजी तर्जुमा छापला. शत्रूने जपलेल्या कागदांतून आपला माणूस आपल्याला परत मिळाला.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपल्या माळ्यावरच्या पेटीतही जुनी खते, जन्मपत्रिका, मोडी कागद असतील. त्यांना वाळवी व ओल लागू देऊ नका. जाणत्याकडून वाचून घ्या, वडीलधाऱ्यांना विचारून चार पिढ्यांची नावे वहीत उतरवा. या स्मरणिकेतील देणगीदारांची यादीसुद्धा उद्या कोणा पणतूला आपल्या पणजोबांची ओळख सांगेल. म्हणून हे पुस्तकही जपून ठेवावे, ही नम्र विनंती.

ग्रामदेवता सर्वांचे कल्याण करो.