हळदीचा डाग आणि डॉ. वेंकटरामन



नववीच्या वर्गातला तो तास तुम्हा सर्वांना आठवत असेल. आपल्या विज्ञानाच्या सरांनी पांढऱ्या फडक्यावर हळद चोळली, वर साबणाचे पाणी टाकले आणि पिवळा डाग लालभडक झाला. आपल्याला त्यात नवल वाटले नाही. सिंदफणेवर धुणे धुताना घरोघरच्या आयांनी तो लाल डाग पाहिलेलाच होता. पण असे का होते, हे सरांनी विचारले तेव्हा सगळा वर्ग गप्प बसला.

पुढे मी सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलो, रंगांच्या कारखान्यात नोकरी केली आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता एका माणसाच्या चरित्रापर्यंत पोहोचलो. त्यांचे नाव डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन. संपादक मंडळाने शाळेच्या आठवणी मागितल्या असताना मी त्यांच्याविषयी का लिहितो आहे, ते शेवटी सांगतो.

वेंकटरामन यांचा जन्म १९०१ साली मद्रासचा. तिथे एम.ए. करून ते इंग्लंडला मँचेस्टरला गेले आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. याच रॉबिन्सन यांना पुढे १९४७ चे नोबेल मिळाले. फुला-झाडांतले रंग रेणूच्या पातळीवर कसे घडतात, हा गुरूचा ध्यास होता, तोच शिष्याने आयुष्यभर पुढे चालवला.

इथे थोडे रसायनशास्त्र सांगावे लागेल. काही रेणूंत कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध असतो आणि त्याला लागून कार्बन-कार्बनचा दुहेरी बंध असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. ही ओढ शेजारी थांबत नाही, साखळीतून पलीकडच्या कार्बनपर्यंत पोहोचते. विहिरीच्या काठावर दोर ओढला की तळाची बादली हलते, तसेच हे. त्यामुळे बाहेरून आलेला गट पुष्कळदा ऑक्सिजनजवळ न जोडला जाता त्या दूरच्या टोकाला जोडला जातो. याला कॉन्जुगेट ॲडिशन, म्हणजे संयुग्मी समावेशन म्हणतात. अमेरिकेच्या आर्थर मायकेल यांनी १८८७ मध्ये या प्रकारची जी अभिक्रिया मांडली, ती आजही मायकेल अभिक्रिया म्हणूनच शिकवतात. रॉबिन्सन यांनी १९३५ मध्ये कार्बनची कडी जोडण्याची जी पद्धत दिली, तिची पहिली पायरीही हीच.

मँचेस्टरहून परतल्यावर वेंकटरामन काही काळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. नंतर ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी फ्लेव्होन या पिवळ्या वनस्पतिरंगांवर काम उभे केले. रॉबिन्सन यांच्या पद्धतीत फ्लेव्होन बनवताना मिश्रण खूप तापवावे लागे. वेंकटरामन आणि त्यांचे विद्यार्थी एच. एस. महाल यांनी १९३३ मध्ये खोलीच्या साध्या तापमानाला ते बनवून दाखवले. ऑक्सिजनला धरून बसलेला गट अल्कलीमुळे त्याच रेणूतल्या शेजारच्या कार्बनवर जातो, मग आम्ल घातले की कडे पूर्ण होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही ही गोष्ट स्वतंत्रपणे सापडली. म्हणून जगभर तिला बेकर-वेंकटरामन अभिक्रिया म्हणतात.

१९३५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसह दुसरी वाट प्रसिद्ध केली. चाल्कोन नावाच्या रेणूत वर सांगितलेली दुहेरी बंधांची जोडी असते. त्याच्याच अंगचा एक ऑक्सिजन दूरच्या टोकाला जाऊन चिकटला की कडे बंद होते आणि फ्लेव्हॅनोन तयार होते. रेणूने स्वतःवरच केलेले हे संयुग्मी समावेशन. त्यातले दोन हायड्रोजन सेलेनियम डायऑक्साइडने काढून घेतले की झाले फ्लेव्होन. चाल्कोनचे कडे बंद करण्याचे हेच काम झाडे आपल्या विकराच्या मदतीने करतात.

१९३४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्रशास्त्र विभागात, म्हणजे यूडीसीटीत आले. विभाग नुकताच, १९३३ मध्ये सुरू झाला होता. मुंबईत गिरण्या होत्या, पण कापड रंगवायचा रंग बहुतांशी परदेशातून यायचा. रंग घडवणारी माणसे इथे तयार झाली पाहिजेत, म्हणून त्यांनी पुढची दोन तपे विद्यार्थी घडवले. १९३८ मध्ये ते विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरच्या त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये निघाले. पुढे ते आठ झाले आणि जगभरच्या रंग-रसायनतज्ज्ञांच्या टेबलावर गेले. माझ्या कारखान्यातही ते होते, कडा झिजलेले.

१९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. तिथेही ते पहिले भारतीय. १९६१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९६६ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले डॉ. बा. द. तिळक, मुंबईतले त्यांचेच विद्यार्थी. खुर्ची सोडली तरी त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग, तुतीची साल, लाखेचा तांबडा रंग अशा आपल्या ओळखीच्या वस्तूंतले रेणू त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उलगडले. १९८१ मध्ये ते गेले.

आता हे इथे का लिहिले ते सांगतो. लाहोरच्या त्या निबंधावर दोन नावे आहेत आणि त्यांत महालांचे नाव आधी आहे. अभिक्रियेच्या नावात मात्र ते नाही. यात वेंकटरामन यांचा दोष नाही, त्यांनी विद्यार्थ्याचे नाव निबंधावर घातलेच होते. पुढे म्हणणाऱ्यांच्या तोंडी ते राहिले नाही, एवढेच. अशी नावे एकदा गळली की कोणी मुद्दाम उच्चारल्याशिवाय परत येत नाहीत. म्हणून शिकवताना मी आवर्जून महालांचे नाव घेत असे.

पण माझ्याकडूनही असेच घडले आहे. माझ्या प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, प्रयोगशाळा आहे, आई-वडील आहेत. हळदीचे फडके दाखवणारे आपले सर नाहीत. त्या वेळी शिरूरचा तो तास मला फार लहान वाटला असावा. प्रत घेऊन त्यांना भेटायचे मनात होते, तेही राहून गेले. आता सर नाहीत.

सर, उत्तराला उशीर झाला. हळदीतल्या करक्युमिनमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी आहे. साबणाच्या पाण्यातली अल्कली तिच्या टोकाचा हायड्रोजन काढते, तो परिणाम साखळीभर पोहोचतो आणि पिवळ्याचे लाल होते. दोर इथे ओढायचा, हालचाल दूर दिसते.

तो दोर आपणच ओढला होता. आभाराच्या पानावरचे राहिलेले नाव आज आपल्या शाळेच्या या पुस्तकात भरून काढतो.