खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. इ.स. १९५२ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. अंगाने सडपातळ, दिसण्यात साधे आणि वजनाने हलके असूनही विलक्षण चपळाई, पकड व दम यांच्या बळावर त्यांनी हे यश मिळवले. या गुणांमुळे ते 'पॉकेट डायनॅमो' या नावानेही ओळखले जात. बलसंपन्न शरीर आणि बलदंड दिसणारे शरीर यांतील भेद समजावून सांगताना मराठी क्रीडाविश्वात त्यांचे उदाहरण दिले जाते.

बालपण व शिक्षण

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब जाधव हे स्वतः नामांकित मल्ल होते. पाच भावांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच कुस्तीची परंपरा असल्याने वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना मातीत उतरवले. पंचक्रोशीतील जत्रांमध्ये भरणाऱ्या फडांत लहानपणीच त्यांनी कुस्त्या जिंकण्यास सुरुवात केली. त्यांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. इ.स. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आश्रय देणे, निरोप व पत्रके पोहोचवणे अशी कामे त्यांनी केली. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

तालमीतील मेहनत

छत्रपती शाहू महाराजांच्या राजाश्रयामुळे कोल्हापूर हे विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय कुस्तीचे प्रमुख केंद्र बनले होते. इ.स. १९१२ मध्ये बांधलेले खासबाग मैदान आणि पेठापेठांतील तालमी ही त्याची साक्ष होय. खाशाबांची घडण याच परंपरेत झाली.

तालमीतील व्यायामाचा हेतू शरीर दाखवणे हा नसून ते वापरणे हा असतो. पहाटे उठून फावड्याने हौद्यातील तांबडी माती खणणे हाच दिवसाचा पहिला व्यायाम. त्याने हाताची पकड, खांदे व कंबर यांना एकत्र काम करण्याची सवय लागते. त्यानंतर जोर, बैठका आणि प्रत्यक्ष लढत असा क्रम असतो. जोर मारताना छाती व दंडांबरोबर पाठीचा कणा आणि खांद्याचे सांधे लवचीक होतात. शेकड्यांनी घातलेल्या बैठकांमुळे मांड्यांत ताकद येते आणि त्याच वेळी छातीचा दमही वाढतो. जोडी फिरवणे, मल्लखांब करणे, दोर चढणे आणि मानेवर भार घेणे या व्यायामांची जोड त्याला असते. यांपैकी कोणत्याही व्यायामात एखादा स्नायू वेगळा काढून फुगवण्याचा विचार नसतो. खाशाबा रोज सुमारे चार तास व्यायाम करीत. सुमारे हजार बैठका आणि अडीचशे ते तीनशे जोर हा त्यांचा नित्यक्रम असल्याचे सांगितले जाते.

ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान काखेच्या पकडीत घेऊन त्याला आपल्या कमरेवरून चितपट फेकण्याच्या या डावात दंडाच्या घेरापेक्षा पकडीची घट्टपणा, कमरेचा हिसका आणि नेमका क्षण साधण्याचे भान यांना अधिक महत्त्व असते. प्रतिस्पर्ध्याचे वजन ज्या क्षणी पुढे झुकते, तो क्षण चुकला तर मोठी ताकदही वाया जाते.

राजाराम महाविद्यालयातील प्रसंग

खाशाबांच्या चरित्रातील एक प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास ते गेले, तेव्हा त्यांची किरकोळ शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. खाशाबांनी थेट प्राचार्यांची भेट घेऊन संधी मागितली. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड व अनुभवी मल्लांना पाठोपाठ पराभूत केले. केवळ दिसण्यावरून केलेला निवाडा त्या दिवशी कायम राहिला असता, तर त्यांचा पुढील प्रवास सुरू होण्यापूर्वीच थांबण्याची शक्यता होती. या स्पर्धेनंतर आंतरमहाविद्यालयीन व राष्ट्रीय पातळीवरील कुस्त्यांची दारे त्यांना खुली झाली.

लंडन ऑलिंपिक (१९४८)

इ.स. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची फ्लायवेट (५२ किलो) गटात निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोपर्यंत खाशाबांचा सराव मातीवर झालेला होता. मॅटवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवखे होते. मातीत पाय रुततो व लढत रेंगाळू शकते. मॅटवर हालचाल वेगवान होते आणि गुणांची मोजणी चालू राहते. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना मार्गदर्शन केले. ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना खाशाबांनी हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून पराभूत झाल्यावर त्यांचे आव्हान संपले. त्यांना सहावे स्थान मिळाले. या अनुभवानंतर त्यांनी पुढील चार वर्षे वरच्या वजनगटासाठी आणि मॅटवरील कुस्तीसाठी तयारी केली.

निवड व आर्थिक अडचणी

हेलसिंकी स्पर्धेसाठीची निवड सहज झाली नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास या मल्लाविरुद्ध अवघ्या एका गुणाने ते पराभूत ठरवले गेले. हा निर्णय अन्यायकारक असल्याची तक्रार त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे केली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केले.

निवडीनंतर पैशांचा प्रश्न उभा राहिला. सरकारी मदत अपुरी असल्याने खाशाबांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळात ही रक्कम मोठी होती. आपल्या विद्यार्थ्याच्या गुणवत्तेवर एका शिक्षकाने ठेवलेला हा विश्वास खाशाबांच्या यशाइतकाच स्मरणीय मानला जातो.

हेलसिंकी ऑलिंपिक (१९५२)

जुलै १९५२ मध्ये झालेल्या या स्पर्धेत खाशाबांनी कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर विजय मिळवला. अखेरच्या टप्प्यात त्यांच्यासमोर जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह हे तुल्यबळ मल्ल होते. त्या काळी एक लढत पंधरा मिनिटांपर्यंत चालत असे. इशीविरुद्धची लढत दीर्घकाळ रंगली. दोन लढतींमध्ये नियमानुसार विश्रांतीचा अवधी मिळणे आवश्यक होते. मात्र त्यांची बाजू मांडण्यास भारताचा कोणीही अधिकारी त्या वेळी उपस्थित नव्हता आणि थकलेल्या अवस्थेतच त्यांना पुन्हा मॅटवर उतरावे लागले, असे सांगितले जाते. या दोन्ही लढती खाशाबांनी गमावल्या. इशीने सुवर्ण, मामेदबेकोव्हने रौप्य आणि खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. इशीचे सुवर्ण हे त्या स्पर्धेतील जपानचे एकमेव सुवर्णपदक होते. त्याच स्पर्धेत वरच्या गटात खेळलेले भारताचे केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले.

स्पर्धेहून परतल्यावर कराड परिसरात खाशाबांचे अभूतपूर्व स्वागत झाले. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक कराडहून गोळेश्वरला निघाली आणि एरवी काही मिनिटांत पार होणाऱ्या या अंतराला सुमारे सात तास लागले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड आयोजित केले, स्वतः लढून पैसे मिळवले आणि प्राचार्य खर्डेकर यांचे गहाण पडलेले घर सोडवण्यास हातभार लावला.

पोलीस सेवा व उत्तरायुष्य

इ.स. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्यांतर्गत स्पर्धांत त्यांनी अनेक विजय मिळवले व नव्या मल्लांना मार्गदर्शन केले. सुमारे सत्तावीस वर्षे सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. हयातीत शासनाकडून त्यांच्या कामगिरीची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. इ.स. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या मशालयात्रेत त्यांचा सहभाग होता. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

बल आणि देहसौष्ठव

खाशाबांनी पदक मिळवले त्याच वर्षी, म्हणजे १९५२ मध्ये, बंगालचे मनोहर आईच यांनी लंडनमध्ये मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात विजय मिळवला. आईच हेही उंचीने लहान होते. एकाच वर्षी दोन लहान चणीच्या भारतीयांनी दोन वेगवेगळ्या शारीरिक विद्यांत जागतिक यश संपादन केले. या योगायोगामुळे दोन्ही विद्यांमधील फरक स्पष्ट होतो. देहसौष्ठवात स्नायूंचा आकार, प्रमाणबद्धता आणि ठळकपणा यांचे परीक्षण होते. तीही कठोर शिस्तीची साधना आहे. कुस्तीत मात्र परीक्षक स्नायूंकडे पाहत नाहीत. समोरचा मल्ल हलतो की नाही, एवढेच तेथे मोजले जाते.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने स्नायूचा आकार आणि ताकद यांचा संबंध आहे. मोठा स्नायू सर्वसाधारणपणे अधिक जोर लावू शकतो. परंतु ताकद केवळ आकारावर अवलंबून नसते. मेंदूकडून मिळणाऱ्या आज्ञेनुसार एकाच वेळी किती स्नायुतंतू कामाला लागतात, वेगवेगळे स्नायू परस्परांशी किती मेळ राखतात, सांधे व स्नायुबंध किती भक्कम आहेत आणि दम किती टिकतो, यांवरही ती ठरते. हे गुण सरावाने वाढतात, पण आरशात दिसत नाहीत. वजनगटांत होणाऱ्या कुस्तीत तर उपयोगी न पडणारा प्रत्येक किलो हा भार ठरतो. कारण तेवढ्याच वजनात अधिक कसदार शरीर असलेला मल्ल समोर उभा असतो. खाशाबांचे ५७ किलो वजनाचे शरीर या अर्थाने पूर्णपणे कामाचे होते.

मराठवाड्यातील संदर्भ

खाशाबांची तालीम-परंपरा पश्चिम महाराष्ट्रातील असली, तरी मराठवाड्यातही कुस्तीची मुळे खोल आहेत. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल हे मोठे आकर्षण असते. लातूर येथे १९६९ मध्ये झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथील हरिश्चंद्र बिराजदार विजयी झाले. त्यांनी पुढे १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. बिराजदार यांची घडणही कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत झाली. नंतर पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्लांच्या पुढील पिढ्या तयार केल्या. लातूर जिल्ह्यातीलच काका पवार यांनी मल्ल व प्रशिक्षक म्हणून ही परंपरा पुढे नेली. मॅटवरील ग्रीको-रोमन शैलीतील कामगिरीसाठी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

अलीकडे नांदेड व लातूर या शहरांत आधुनिक व्यायामशाळांची संख्या वाढली असून अनेक तरुण शरीर पिळदार दिसावे या हेतूने तेथे जातात. दुसरीकडे, याच जिल्ह्यांतील ग्रामीण युवक पोलीस भरतीची तयारी करताना पहाटे रस्त्यांवर व मैदानांवर धावताना दिसतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांसाठी १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचा समावेश असतो. तेथे गुण मिळतात ते वेळेला आणि अंतराला, दंडाच्या घेराला नव्हे. केवळ दिसण्यासाठी कमावलेले शरीर अशा चाचणीत दमाअभावी मागे पडू शकते. खेळातील कर्तृत्वाच्या बळावर पोलीस दलात गेलेल्या खाशाबांचे जीवन या विद्यार्थ्यांना म्हणूनच जवळचे वाटते.

सन्मान व स्मृती

महाराष्ट्र शासनाने खाशाबांना मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला. भारत सरकारने इ.स. २००० मध्ये त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्काराने गौरविले. इ.स. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्ती मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो. संजय दुधाणे यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे.

हेलसिंकीनंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. ते १९९६ मध्ये टेनिसपटू लिअँडर पेस यांनी मिळवले. कुस्तीतील दुसरे पदक तर ५६ वर्षांनी, २००८ मध्ये, सुशील कुमार यांच्या रूपाने आले. या दीर्घ कालावधीत, महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत शरीरयष्टीमुळे नाकारल्या गेलेल्या गोळेश्वरच्या मल्लाचे कांस्यपदक हे भारताचे कुस्तीतील एकमेव ऑलिंपिक पदक होते.