रूथला न मिळालेले उत्तर

डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांची थोरली बहीण रूथ किशोरवयापासून अपस्माराचे झटके सोसत होती. त्यांसह तिने संसार केला, सहा मुले वाढवली; मूळ कारण मात्र चाळिशी उलटल्यावर कळले: मेंदूतील गाठ. डिसेंबर १९२८ मध्ये मॉन्ट्रियल येथे पेनफिल्ड यांनी स्वतः शस्त्रक्रिया केली. गाठ पूर्ण निघाली नाही. रूथ घरी परतली, परंतु एकेकाळी सहज जमणारा पाहुण्यांचा स्वयंपाक आखणेही तिला जड जाऊ लागले. १९३१ मध्ये तिचे निधन झाले. उपचार व संशोधन एकाच छताखाली आणण्याचा पेनफिल्ड यांचा ध्यास त्या दुःखाने दृढ झाला. १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली. रूथला तारुण्यात न मिळालेले उत्तर तेथे पुढे अनेक तरुणांना मिळाले.