वॉल्ट डिस्ने : बाकावर बसलेल्या बाबांची गोष्ट



जत्रेत तुम्ही पाळण्यात बसता, तेव्हा तुमचे आई-बाबा काय करत असतात? जरा आठवून बघा. बहुतेक वेळा ते खाली उभे असतात. एका हातात तुमच्या चपला, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि नजर वर तुमच्याकडे. मजा तुमची, राखण त्यांची!

सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात एक बाबा असेच बसलेले असायचे. ग्रिफिथ पार्क नावाच्या बागेत त्यांच्या दोन मुली मेरी-गो-राउंडच्या लाकडी घोड्यांवर फेऱ्या मारायच्या आणि हे बाकावर बसून शेंगदाणे खायचे. त्या बाकावर त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. आई-बाबा आणि मुलं, दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी?

त्या बाबांचं नाव वॉल्ट डिस्ने. मिकी माउसमुळे ते तुम्हाला माहीत आहेतच. पण आजच्या पाठात आपण कार्टूनपेक्षा त्यांच्या बागेची गोष्ट जास्त बघणार आहोत. त्यासाठी आधी त्यांचं बालपण समजून घ्यायला हवं.

बालपण : पहाटेचा पेपरवाला

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. वडील एलायस, आई फ्लोरा. चार भाऊ आणि सगळ्यात धाकटी बहीण रूथ. वॉल्ट भावांमध्ये शेंडेफळ. वडील सुतारकाम करायचे. १८९३ साली शिकागोला भरलेल्या मोठ्या जागतिक प्रदर्शनाच्या उभारणीत त्यांनीही काम केलं होतं.

१९०६ मध्ये हे कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सलीन या छोट्याशा गावी शेती करायला गेलं. आजूबाजूला झाडं, गाई-गुरं आणि गावातून जाणारी आगगाडी. वॉल्टला इथेच चित्रकलेचा नाद लागला. शेजारच्या डॉक्टरांच्या घोड्याचं चित्र काढून त्याने पैसेही मिळवले! मार्सलीनची ही चार-पाच वर्षं तो आयुष्यभर विसरला नाही.

पण वडील आजारी पडले, शेती विकावी लागली आणि १९११ मध्ये सगळे कॅन्सस सिटी या शहरात आले. वडिलांनी तिथे वर्तमानपत्र टाकण्याची लाइन विकत घेतली. पेपर टाकायचं काम आलं रॉय आणि वॉल्ट या दोन भावांकडे. वॉल्ट तेव्हा नऊ वर्षांचा होता.

रोज पहाटे, अंधार असतानाच उठायचं. पाऊस असो की गुडघाभर बर्फ, घरोघरी पेपर पोचवायचा. मग शाळा. शाळा सुटली की पुन्हा संध्याकाळचा पेपर. असं तब्बल सहा वर्षं चाललं. वडील या कामाचे पैसे त्याला देत नसत. वर्गात त्याचे डोळे मिटायचे. मोठेपणीसुद्धा, एखाद्या घरी पेपर टाकायचा राहून गेला, अशी स्वप्नं पडून ते दचकून जागे व्हायचे.

या काळातली एक आठवण मात्र मनाला चटका लावणारी आहे. सधन घरांच्या ओसरीवर तिथल्या मुलांची खेळणी रात्री तशीच पडलेली असायची. हा पेपरवाला पोरगा पहाटेच्या अंधारात दोन मिनिटं त्या खेळण्यांशी खेळायचा आणि होती तशीच ठेवून पुढच्या घरी जायचा. घरातल्यांना पत्ताही लागायचा नाही.

त्याच शहरात इलेक्ट्रिक पार्क नावाची करमणुकीची बाग होती. हजारो विजेचे दिवे, झोके, पाळणे! त्या काळी एवढी रोषणाई म्हणजे नवलच. ती रोषणाई वॉल्टच्या डोळ्यांत कायमची राहिली.

अपयश आणि यश

वॉल्ट यांचं शिक्षण अर्धवट राहिलं. पहिल्या महायुद्धात ते वय वाढवून सांगून रेडक्रॉसमध्ये भरती झाले आणि युद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. परत आल्यावर त्यांनी कॅन्सस सिटीत कार्टून फिल्मची कंपनी काढली. १९२३ मध्ये ती बुडाली. खिशात अवघे चाळीस डॉलर घेऊन ते हॉलिवूडला गेले आणि मोठा भाऊ रॉय यांच्यासोबत त्यांनी नवी कंपनी सुरू केली. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

१९२५ मध्ये त्यांचं लिलियन यांच्याशी लग्न झालं. १९२८ मध्ये त्यांचं ओस्वाल्ड हे लोकप्रिय सशाचं पात्र हातातून गेलं, कारण त्याचे हक्क चित्रपट वितरकांकडे होते. त्याच वर्षी मिकी माउस पडद्यावर आला. १९३७ मध्ये स्नो व्हाइट हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट आला आणि वॉल्ट जगप्रसिद्ध झाले.

पण पैसा आणि कीर्ती आली म्हणून दुःख टळतं असं नाही. दोघा भावांनी म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी घर घेऊन दिलं होतं. १९३८ मध्ये त्याच घरात गरम हवेच्या भट्टीत बिघाड होऊन विषारी वायू पसरला आणि आईचा मृत्यू झाला. प्रेमाने दिलेल्या घरात हे घडलं. हा घाव वॉल्ट यांना कधीच विसरता आला नाही.

बाकावरचा प्रश्न

वॉल्ट आणि लिलियन यांना डायेन आणि शॅरन अशा दोन मुली. शॅरनला त्यांनी दत्तक घेतलं होतं. कामाचा डोंगर असला तरी वॉल्ट मुलींना स्वतः गाडीने शाळेत सोडायचे आणि सुट्टीच्या दिवशी फिरायला न्यायचे. सुरुवातीला वाचलेला बाकावरचा प्रसंग याच दिवसांतला.

त्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच करमणुकीच्या बागा म्हणजे कचरा, रंग उडालेली खेळणी आणि उद्धट कामगार. लहान मुलांना घेऊन जावं असं वातावरण तिथे कमीच असायचं. वॉल्ट यांना वेगळं काही हवं होतं. १९४८ मध्ये त्यांनी आपली कल्पना कागदावर उतरवली. १९५० च्या सुमारास त्यांनी घराच्या आवारात सुमारे आठशे मीटर रूळ टाकून छोटी आगगाडी सुरू केली. लिलियनबाईंची फुलझाडं खराब होऊ नयेत म्हणून त्याखालून चक्क बोगदा काढला! १९५१ मध्ये त्यांनी डेन्मार्कमधली टिवोली ही जुनी बाग बघितली. स्वच्छ, फुलांनी भरलेली आणि सहकुटुंब आलेल्या लोकांनी गजबजलेली. म्हणजे असं होऊ शकतं, हे त्यांना पटलं.

पण पैसे कुठून आणायचे? रॉय हिशेब बघायचे आणि त्यांना हा उद्योग धोक्याचा वाटत होता. मग वॉल्ट यांनी स्वतःच्या आयुर्विम्यावर कर्ज काढलं. सुट्टीसाठी बांधलेलं घर विकलं. पुढे रॉयसुद्धा मदतीला आले आणि एका टीव्ही कंपनीने पैसा गुंतवला. त्या बदल्यात वॉल्ट यांनी त्या कंपनीसाठी टीव्हीवर मालिका केली.

अॅनाहाइम या ठिकाणी १६० एकर जमीन घेतली. तिथे संत्र्यांच्या बागा होत्या. जुलै १९५४ मध्ये काम सुरू झालं आणि अवघ्या एका वर्षात, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून बाग उभी राहिली. नाव ठेवलं डिस्नेलँड.

या बागेत वेगळं काय होतं?

१. बागेभोवती मातीचा उंच बांध घातला, त्यामुळे आत गेल्यावर बाहेरचं जग दिसत नाही.

२. आत जायला एकच मुख्य दार. सगळ्यांनी एकाच रस्त्याने आत यायचं. त्यामुळे कुटुंबाची चुकामूक कमी होते.

३. हा पहिला रस्ता जुन्या छोट्या गावासारखा. त्यामागे वॉल्ट यांच्या आठवणीतलं मार्सलीन होतं. इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे केले, म्हणजे सगळं जवळचं वाटावं.

४. येणाऱ्यांना गिऱ्हाईक न म्हणता पाहुणे म्हणायचं, ही शिस्त. सतत झाडलोट. सुरुवातीला दारू विकायची नाही, असाही नियम होता.

५. मेरी-गो-राउंडवरचे सगळे घोडे उड्या मारणारे. कोणत्याच मुलाच्या वाट्याला नुसता उभा घोडा नको!

६. सर्वात महत्त्वाचं म्हणजे बोटी आणि आगगाडीत आई-बाबा, आजी-आजोबा, नातवंडं शेजारी शेजारी बसू शकतात. चपला सांभाळत कुणी खाली उभं राहायचं नाही.

फजितीचा पहिला दिवस

१७ जुलै १९५५, रविवार. उद्घाटन टीव्हीवर थेट दाखवलं जात होतं. पण खोटी तिकिटं छापली गेल्यामुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, सुमारे २८ हजार माणसं आत शिरली. ऊन तर असं की नवं डांबर मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतत होत्या. नळ जोडणाऱ्या कामगारांचा संप झाल्यामुळे पिण्याच्या पाण्याची पुरेशी सोय नव्हती. गॅसगळतीमुळे काही भाग बंद करावा लागला. वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं.

वॉल्ट खचले नाहीत. एकेक दोष दुरुस्त करत गेले. बागेतल्या अग्निशमन केंद्राच्या वर त्यांच्या कुटुंबासाठी छोटं घर होतं. ते तिथे मुक्काम करायचे, बागेत फिरायचे, लोकांबरोबर रांगेत उभे राहायचे आणि लोक कुठे कंटाळतात ते बघायचे. दोन महिन्यांच्या आत दहा लाख माणसं येऊन गेली.

शेवट आणि भावाचं प्रेम

यानंतर त्यांनी फ्लोरिडात सुमारे २७ हजार एकर जमीन घेऊन आणखी मोठं स्वप्न पाहिलं. पण ते पूर्ण होण्याआधीच १५ डिसेंबर १९६६ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांना सिगारेटचं व्यसन होतं, हेही आपण लक्षात ठेवायला हवं.

रॉय तेव्हा निवृत्त व्हायच्या बेतात होते. पण धाकट्या भावाचं काम त्यांनी खांद्यावर घेतलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ती बाग उघडली, तेव्हा रॉय यांनी तिच्या नावात आडनावासोबत वॉल्ट हे नाव आग्रहाने घालून घेतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये रॉयही गेले. एके काळी बर्फातून बरोबर पेपर टाकणारे हे दोघे भाऊ!

आपण काय शिकलो?

मित्रांनो, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज डिस्नेलँडचा खर्च कितीतरी कुटुंबांना झेपत नाही. अंधारात दुसऱ्याच्या ओसरीवर खेळणारा तो पेपरवाला पोरगा आज आला असता, तर कदाचित त्यालाही दाराबाहेरच थांबावं लागलं असतं.

पण वॉल्ट यांना बाकावर पडलेला प्रश्न मात्र अजून मोलाचा आहे आणि त्याला तिकीट लागत नाही. ज्यांचं स्वतःचं बालपण कष्टात गेलं, त्यांना मुलांबरोबर खेळायची संधी मिळाली तर? तुमच्या आई-बाबांपैकी, आजी-आजोबांपैकी कितीजण लहानपणी शेतात, दुकानात राबले असतील! पुढच्या वेळी जत्रेत गेलात, तर चपला खाली ठेवा आणि त्यांनाही पाळण्यात बसायला बोलवा. निदान एकदा विचारून तरी बघा.

विचार करा आणि लिहा

१. वॉल्ट डिस्ने यांच्या बालपणातील कोणता प्रसंग तुम्हाला सर्वात जास्त भावला? का?

२. पहिल्या दिवशीच्या फजितीनंतर वॉल्ट यांनी काय केले?

३. घरातील मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या खेळांविषयी विचारा आणि दहा ओळी लिहा.