‘मेट्रोपोलिस’च्या लेखिका थेआ फॉन हार्बू

10 जानेवारी 1927 रोजी बर्लिनमध्ये ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाचा पहिला खेळ झाला. भविष्यातील अमानुष समाजव्यवस्थेचे चित्रण करणारे चित्रपट आज उदंड झाले आहेत. त्यांतील बहुतेकांचे कूळ शोधत गेल्यास ते या चित्रपटापाशी येऊन थांबते. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचे नाव चित्रपटरसिकांना परिचित आहे. ती कथा कादंबरी आणि पटकथा अशा दोन्ही रूपांत ज्यांनी लिहिली, त्या थेआ फॉन हार्बू यांचे नाव मात्र श्रेयनामावलीबाहेर क्वचितच ऐकू येते. चित्रपटातील राजकीय संदेश मुख्यतः त्यांचा होता, आणि तो पुढे कोठे जाऊन पोहोचला हे त्यांच्याच आयुष्यात दिसते.

त्यांचा जन्म 27 डिसेंबर 1888 रोजी बव्हेरियातील टाउपरलिट्झ येथे, नाव मोठे पण संपत्ती बेताची अशा सरदार घराण्यात झाला. लेखनाची ओढ लहानपणापासूनची. तरुणपणी रंगभूमीवर अभिनयही केला. 1914 मध्ये नट रुडोल्फ क्लाइन-रोगे यांच्याशी विवाह झाला, तो फार टिकला नाही. 1918 साली त्यांची ‘भारतीय थडगे’ या अर्थाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत महाराजे, योगी, संगमरवरी कबर असा युरोपीय कल्पनेतला सारा भारत होता. तिच्या पटकथेच्या निमित्ताने लांग यांच्याशी सहकार्य जमले आणि 1922 मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. पुढच्या दशकभरातील लांग यांच्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या चित्रपटावर हार्बू यांचा हात आहे. त्यांपैकी 1921 च्या मूकपटात एक तरुणी आपल्या प्रियकराचे प्राण परत मिळावेत म्हणून साक्षात मृत्यूशी वाद घालते. मराठी प्रेक्षकाला तेथे सावित्री आठवल्याशिवाय राहत नाही.

‘मेट्रोपोलिस’ची मांडणी साधी आहे. वर उंच इमारती, क्रीडांगणे, विलासी उद्याने. खाली, जमिनीच्या पोटात, यंत्रे आणि त्यांहूनही खोल कामगारांची वस्ती. पाळी बदलताना मान खाली घालून एका लयीत चालणारे कामगार, घड्याळाच्या काट्यांसारख्या दांड्यांशी झुंजणारा माणूस, आणि माणसे गिळणाऱ्या राक्षसाच्या मुखात रूपांतरित होणारे यंत्र ही दृश्ये शंभर वर्षांनंतरही अंगावर येतात. नगराचा स्वामी फ्रेडरसन याचा मुलगा फ्रेडर खाली उतरतो आणि कामगारांना धीर देणाऱ्या मारियाच्या प्रेमात पडतो. फ्रेडरसन मारियाच्या रूपाचे यंत्रमानव घडवून घेतो. ती खोटी मारिया कामगारांना भडकवते. कामगार यंत्रे फोडतात आणि त्यांच्याच घरांत पाणी शिरते. शेवटी प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवर मालक आणि मुकादम यांचे हात मुलगा एकमेकांच्या हाती देतो. योजना आखणारा मेंदू आणि राबणारे हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, असा हा बोध आहे.

तो आज वाचताना गोड वाटतो, आणि अडचण तेथेच आहे. हस्तांदोलनानंतर कामाचे तास किती होणार, मजुरी कोणी ठरवायची, खालची वस्ती वर येणार का, यांतील एकाही प्रश्नाला चित्रपट हात लावत नाही. कामगार एकतर मुकाट गुलाम, नाहीतर पिसाट जमाव. स्वतः विचार करून संघटित होणारा कामगार येथे एकही नाही. मध्यस्थही त्यांनी निवडलेला नव्हे, तो मालकाचाच मुलगा. एच. जी. वेल्स यांनी त्याच वर्षी या चित्रपटावर सडकून टीका केली. स्वतः लांग यांनीही उतारवयात या शेवटाविषयी नापसंती दाखवली. जर्मन समीक्षक झिगफ्रीड क्राकाउअर यांनी 1947 मध्ये दाखवून दिले की या समेटात मालकाची सत्ता सुटत नाही, उलट पक्की होते. 50 लाख मार्कांहून अधिक खर्चाने उफा ही निर्मितीसंस्था डबघाईला आली आणि 1927 मध्येच राष्ट्रवादी वृत्तपत्रसम्राट आल्फ्रेड हुगेनबर्ग यांच्या ताब्यात गेली, हाही योगायोग नोंदवण्यासारखा.

हार्बू प्रतिगामी होत्या असे म्हणून मात्र हिशेब मिटत नाही. गर्भपाताला गुन्हा ठरवणाऱ्या कलमाविरुद्ध 1931 मध्ये त्या जाहीरपणे उभ्या राहिल्या. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. लांग आणि हार्बू यांनी मिळून केलेल्या मबुझे चित्रपटावर बंदी आली, दोघांचा घटस्फोट झाला, लांग देश सोडून गेले. हार्बू राहिल्या, नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या आणि त्या राजवटीच्या चित्रसृष्टीत प्रतिष्ठेने लिहीत राहिल्या. 1937 च्या ‘देर हेरशर’, म्हणजे ‘शासनकर्ता’, या चित्रपटाच्या त्या सहलेखिका. त्यातील वृद्ध कारखानदार स्वार्थी वारसांना डावलून आपला कारखाना राष्ट्राच्या स्वाधीन करतो. दहा वर्षांपूर्वी हृदय म्हणून जी जागा मोकळी ठेवली होती, तेथे आता राष्ट्र आणि त्याचा नेता येऊन बसला होता.

याच काळात त्यांच्या घरात एक मराठी माणूस होता. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे आयी गणपत तेंडुलकर हे बर्लिनमध्ये पत्रकारिता करीत. वयाने त्यांच्याहून सोळा-सतरा वर्षांनी लहान. वंशशुद्धीचा घोष चाललेल्या राज्यात प्रसिद्ध लेखिकेने सावळ्या भारतीयाशी लग्न करणे मान्य होण्यासारखे नव्हते, म्हणून ते गुप्तपणे झाले. बर्लिनमधील भारतीय विद्यार्थ्यांना त्यांनी आधार दिला. पक्षात आपण भारतीयांना मदत करता यावी म्हणून गेलो, असे स्पष्टीकरण त्यांनी पुढे दिले. ते पूर्णपणे खोटे म्हणता येत नाही. पण ‘देर हेरशर’ने त्या विद्यार्थ्यांचे काय भले केले, हे त्यातून समजत नाही. महायुद्धाच्या उंबरठ्यावर तेंडुलकर मायदेशी परतले. गांधीजींनी घातलेली पाच वर्षे थांबण्याची अट पाळून 1945 मध्ये सेवाग्रामला त्यांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह केला. त्यांच्या कन्येने, लक्ष्मी तेंडुलकर-धौल यांनी, ही सारी हकीकत पुस्तकरूपाने मांडली आहे.

त्याच 1945 साली हार्बू ब्रिटिशांच्या छावणीत तीन महिने स्थानबद्ध होत्या. सुटल्यावर बर्लिनच्या उद्ध्वस्त इमारतींचा राडारोडा उपसणाऱ्या बायकांमध्ये त्यांनी काम केले, पुढे चित्रपटांच्या भाषांतरित संवादांवर पोट भरले. जून 1954 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मृत्यूशी वाद घालणाऱ्या त्या तरुणीचा मूकपट पुन्हा दाखवला गेला. सन्माननीय पाहुण्या म्हणून हजर असलेल्या हार्बू बाहेर पडताना घसरून पडल्या आणि 1 जुलै रोजी, वयाच्या 65 व्या वर्षी, निधन पावल्या. काही वर्षांनी लांग अमेरिकेतून जर्मनीत चित्रपट करायला परतले, तेव्हा त्यांनी हार्बू यांच्या 1918 च्या त्याच कादंबरीची निवड केली. तिचे दोन भागांतील चित्रण उदयपूरला झाले आणि 1959 मध्ये ते प्रदर्शित झाले.