परागाची अंतिम कसोटी नळीत घेणारे पंचानन माहेश्वरी

नवी दिल्ली : परागकण जिवंत आहे की मृत, हे नुसते पाहून कळत नाही. ॲसिटोकार्मिन या रंजकाने सकस कण लाल होतात आणि पोकळ कण फिके राहतात. मात्र नुकताच मेलेला कणही रंग घेऊ शकतो. साखर व बोरॉनच्या द्रावणात परागनलिका फुटणे हा त्याहून भक्कम पुरावा होय. तरीही अंतिम कसोटी बीजधारणेचीच. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी यांनी ही कसोटी फुलाबाहेर, काचेच्या नळीत घेऊन दाखवली.

जयपूर येथे ९ नोव्हेंबर १९०४ रोजी जन्मलेले माहेश्वरी अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन महाविद्यालयात शिकले. तेथील अमेरिकी प्राध्यापक विनफिल्ड डजन यांनी त्यांना वनस्पतींच्या संशोधनाची गोडी लावली. आपण शिष्यासाठी जे केले ते त्याने आपल्या विद्यार्थ्यांसाठी करावे, एवढीच गुरुदक्षिणा त्यांनी मागितली. आग्रा, ढाका आदी ठिकाणच्या अध्यापनानंतर माहेश्वरी १९४९ मध्ये दिल्लीत वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. आवृतबीजी वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशोदेशी अभ्यासला गेला.

निसर्गात परागकण कुक्षीवर रुजतो व त्याची नलिका कुक्षीवृंतातून बीजांडापर्यंत पोहोचते. भिन्न जातींच्या संकरात ही वाट अनेकदा मध्येच अडते आणि जिवंत परागही वाया जातो. माहेश्वरी आणि त्यांच्या विद्यार्थिनी कुसुम कांता यांनी ही वाटच टाळली. बोरिक आम्लयुक्त पाण्यात मिसळलेले परागकण त्यांनी अफूच्या कुळातील वनस्पतींच्या अंडाशयात थेट टोचले. पराग तेथेच रुजले आणि बीजे धरली. १९६२ मध्ये कांता, एन. एस. रंगस्वामी व माहेश्वरी यांनी बीजांडे पोषक माध्यमावर ठेवून त्यांवर पराग टाकले आणि परीक्षानळीत फलन घडवले.

त्याच विभागात १९६४ मध्ये शिप्रा गुहा आणि पंचानन यांचे पुत्र सतीशचंद्र माहेश्वरी यांना धोतऱ्याच्या परागकोशांतून भ्रूण मिळाले. ते परागकणांपासूनच उपजल्याचे १९६६ मध्ये स्पष्ट झाले. अशा रोपांची गुणसूत्रे दुप्पट करून एकाच पिढीत शुद्ध वाण मिळवण्याची पद्धत पुढे पीकसुधारणेत रूढ झाली.

रॉयल सोसायटीने १९६५ मध्ये माहेश्वरी यांना सदस्यत्व दिले. १८ मे १९६६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. डजन यांनी मागितलेली गुरुदक्षिणा तोवर विद्यार्थ्यांच्या कामातून फिटली होती.