डॉ. लूसी विल्स

गरोदर बाईला आरोग्य केंद्रात रक्तवाढीची गोळी मिळते, ती आपणा सर्व भगिनींच्या ओळखीची आहे. तिच्यात लोह असते आणि फॉलिक अ‍ॅसिड नावाचे दुसरे एक द्रव्य असते. या दुसऱ्या द्रव्याचा माग मुंबईच्या बायांसाठी झटताना लागला. तो लावणाऱ्या डॉ. लूसी विल्स यांची ही हकीकत.

त्यांचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला १९११ पर्यंत त्या शिकल्या, परंतु तेथे बायकांना पदवीच देत नसत! पुढे लंडनला १९२० साली त्या डॉक्टर झाल्या. लग्न केले नाही.

१९२८ साली त्या मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणीत राबणाऱ्या व गरीब घरांतल्या कित्येक बाया तेव्हा गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, धाप लागे, काही दगावतही. विल्सबाईंनी आधी रोगजंतू शोधले, ते सापडेनात. मग त्यांनी या बायांच्या ताटात काय पडते ते पाहिले. भाजी, फळे, दूध अगदी थोडे. तसलाच आहार त्यांनी उंदरांना दिला, पण तेथे फसगत झाली, कारण उंदरांचा आजार उवांमुळे पसरणारा निघाला. मग माकडांवर प्रयोग केले आणि मार्माइटने गुण आला.

मार्माइट म्हणजे बिअर करताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क. नाक मुरडू नका! लिव्हरचा अर्कही गुणकारी होता, पण महाग. गरिबाला परवडेल ते औषध बाईंनी निवडले आणि बायांच्या अंगात रक्त भरू लागले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यातल्या अज्ञात द्रव्याला लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून फॉलिक अ‍ॅसिड वेगळे काढण्यात आले, आणि हे द्रव्य तेच असल्याचे पुढे कळले.

आपण अंबाडी उकळून पाणी फेकतो, तेव्हा हे द्रव्य बरेचसे मोरीत जाते. आपल्या भागातला सिकलसेल मात्र वेगळा, तो आईबापांकडून येतो, खाण्यातल्या उणिवेने नव्हे.

१९४७ साली निवृत्त झाल्यावरही बाई स्वस्थ बसल्या नाहीत. आहाराच्या अभ्यासासाठी फिजीपर्यंत गेल्या, लंडनच्या चेल्सी भागात नगरसेविका झाल्या. एप्रिल १९६४ मध्ये त्या वारल्या.